अनवट हत्यारे आणि क्रोशाचा नमुना

क्रोशाच्या कलेचे मोठेपण तिच्या गरजांच्या अल्पतेत आहे. लोकरीच्या विणकामाला दोन सुया लागतात, भरतकामाला ताणून धरलेले कापड लागते, हातमागाला तर घराची अर्धी ओसरी लागते. पण टोकाला आकडा असलेली वीतभर सुई आणि दोऱ्याचा एक गुंडा हाती असला, की साखळी, मुका खांब आणि खांब एवढ्या तीन टाक्यांच्या भांडवलावर रुखवतात मांडावयाच्या रुमालापासून दारावरच्या तोरणापर्यंत सारे काही उभे करता येते. यंत्राने वस्त्रविद्येतील बहुतेक हस्तकौशल्यांची नक्कल केली असताही खरा क्रोशा अद्याप हातानेच घालावा लागतो, आणि बाजारात क्रोशाची म्हणून जी यंत्राची लेस विकली जाते ती वस्तुतः ताण्याच्या दोऱ्यांची, निराळ्याच जातीची वीण असते. ज्या कलेचा हा असा सुटसुटीतपणा, तिच्यात नवा नमुना रचताना कोणी लांब दांड्याची सुई, दोन काट्यांची चौकट, जाडजूड लाकडी दांडा अथवा धातूची तार मागू लागला, तर त्या मागणीचे समर्थन करण्याची आणि ते हत्यार वाचकाच्या हाती कसे येईल याची तजवीज सांगण्याची जबाबदारी सर्वस्वी त्याच्यावर येते. प्रस्तुत लेखाचा विषय ही जबाबदारी होय.

विवेचनासाठी मी परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव मुद्दाम डोळ्यांसमोर ठेवले आहे. त्याला कारणे दोन. एक तर यादवकालीन हेमाडपंती मंदिरे, उघड्यावर उभा असलेला कोरीव स्तंभ आणि गोकुळेश्वर मंदिराजवळची पायऱ्यांची बारव यांमुळे आकृतींचा जो ठेवा या गावाला लाभला आहे, तो पाहिल्यावर नमुना रचणाऱ्याने परदेशी पुस्तकांतील गुलाब आणि अननस पुन्हा पुन्हा गिरवावेत याचा खेद वाटतो. दुसरे असे, की नमुन्यात नुसते 'अमुक नावाची सुई आणावी' असे लिहून मोकळे होणाऱ्या लेखकाची परीक्षा मुंबई-पुण्याच्या पेठेत होत नाही. ती अशा गावी होते, जेथे त्या नावाची वस्तू मागितली तर दुकानदार नम्रपणे मान हलवील, पण सुतार, लोहार आणि सायकल दुरुस्त करणारा कारागीर हाकेच्या अंतरावर असेल. या तिघांना कळेल असे वर्णन ज्या नमुन्यात आहे तो नमुना कोठेही चालतो.

प्रथम स्तंभ घेऊ, कारण अनवट हत्याराची गरज पुष्कळदा भासच असते हे त्यावरून चांगले कळते. हेमाडपंती खांबाची घडण साधारणतः चौरस, अष्टकोन आणि वर्तुळ अशा आकृती एकावर एक चढवीत जाते, आणि या तिन्ही आकृती एकाच रुमालात, मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या फेऱ्यांत आणाव्या असे एखाद्या भगिनीच्या मनात आले, तर तिला आपल्या नेहमीच्या सुईवाचून दुसरे काहीही लागणार नाही. लागेल तो हिशेब. क्रोशातील खांब या टाक्याची उंची त्याच्या रुंदीच्या सुमारे दुप्पट असते. म्हणजे प्रत्येक फेरीगणिक त्रिज्या दोन टाक्यांच्या रुंदीने वाढते आणि परीघ त्याच्या 6.28 पट, म्हणजे साडेबारा टाक्यांनी वाढावा लागतो; वर्तुळाच्या प्रत्येक फेरीत 12 खांब वाढवावेत हा जो परंपरागत नियम आहे त्याचे मूळ येथे आहे. मुक्या खांबाची उंची आणि रुंदी जवळजवळ सारखी, म्हणून तेथे तीच वाढ 6 वर येते. चौरसाची परिमिती मध्यापासून बाजूपर्यंतच्या अंतराच्या आठपट असल्यामुळे त्याला फेरीमागे 16 खांब, म्हणजे कोपऱ्यागणिक 4 वाढवावे लागतात. अष्टकोन मात्र थोडा खट्याळ आहे. त्याचा हिशेब 13.25 येतो, आणि आठ कोपऱ्यांत ही वाढ सारखी वाटता येत नाही. येथे तीन फेऱ्यांचा मिळून जमाखर्च मांडावा: दोन फेऱ्यांत कोपऱ्यागणिक दोन दोन आणि तिसरीत एकेक खांब वाढविला, तर तीन फेऱ्यांत 40 खांब वाढतात, सरासरी 13.33 पडते, आणि रुमाल पाटासारखा सपाट बसतो. वाढ याहून कमी झाली तर रुमालाची वाटी होते, अधिक झाली तर कडेला चुण्या पडतात. याच चुण्यांचा मुद्दाम उपयोग करून कॉर्नेल विद्यापीठातील गणितज्ञ डायना टायमिना यांनी 1997 साली अतिवलयी भूमितीचे पृष्ठ क्रोशाने विणून दाखविले. जी आकृती विद्यार्थ्यांच्या हातात ठेवण्यासाठी कागदाच्या नाजूक प्रतिकृती चिकटवीत बसावे लागे, ती एका साध्या सुईने आणि ठरावीक वाढीच्या एका नियमाने टिकाऊ रूपात सिद्ध झाली. तेव्हा नवे हत्यार मागण्यापूर्वी आपली अडचण हत्याराची आहे की हिशेबाची, याचा निवाडा आधी करावा.

बारवेची गोष्ट निराळी. तेथील सौंदर्य रेषेत नाही, घडीव दगडाच्या कोरेत आणि पायरीमागून पायरी उतरत जाण्यात आहे. आणि साध्या क्रोशाच्या कापडाला खांबाखांबांमधील फटींमुळे ही कोर, हा घट्टपणा येत नाही. येथे ट्युनिशियन विणीचे प्रयोजन पडते. या विणीत एकेका टाक्याचा निकाल तेथल्या तेथे लागत नाही. जाताना ओळीतील प्रत्येक टाक्यातून एकेक फास उचलून सगळे फास सुईवर जमा करावयाचे आणि येताना ते दोन दोन करून उतरवावयाचे, अशा दोन खेपा मिळून एक ओळ होते, व कापड दाट, जाड आणि चौकटी-चौकटींचे पडते. सगळे फास एकाच वेळी सुईवर राहतात म्हणून सुई लांब हवी, दांडा आदिपासून अंतापर्यंत एकाच जाडीचा हवा, अंगठा टेकण्यासाठी असतो तो चपटा भाग मध्ये नसावा, आणि मागच्या टोकाला फास गळू नयेत म्हणून बोंड हवे. नमुन्याच्या शिरोभागी 'ट्युनिशियन सुई' एवढेच शब्द न लिहिता हा सर्व तपशील मापासकट लिहावा: व्यास 6 मिलिमीटर, लांबी 35 सेंटिमीटर, एका टोकाला आकडा, दुसऱ्या टोकाला बोंड. एवढे कळले की सुतार ती सुई पक्व बांबूच्या कांबीतून किंवा शिसवीच्या तुकड्यातून घडवून देऊ शकतो. आकड्याची खाच दांड्याच्या निम्म्या जाडीहून खोल जाऊ देऊ नये, नाही तर सुईची मान पहिल्याच आठवड्यात मोडते. आणि काचकागदाने घासताना हात दांड्याच्या लांबीच्या दिशेने फिरवावा, आडवा फिरविल्यास उमटणाऱ्या बारीक चरांत दोरा अडखळत राहतो.

व्यास मोजण्याचे यंत्र घरी नसते, याचेही भय बाळगण्याचे कारण नाही. दांड्याभोवती बारीक शिवणाचा दोरा ओळीने, एकावर एक न चढविता, दहा वेळा गुंडाळावा, तो उलगडून त्याची लांबी मिलिमीटरमध्ये मोजावी आणि तिला 31.4 ने भागावे. 6 मिलिमीटरच्या दांड्याला हा दोरा सुमारे 19 सेंटिमीटर भरतो. नमुना लिहिणाराने ही युक्ती नमुन्यातच एका ओळीत नमूद करावी, कारण त्यामुळे कागदावरचे माप आणि घरातले हत्यार यांची गाठ लेखकाच्या गैरहजेरीतही पडते.

बारवेच्या पायऱ्यांकरिता मात्र लांब सुई टाळताही येते, आणि नमुनाकाराची खरी कुशलता अशा ठिकाणी दिसते. सबंध रुंदीचे कापड एकदम विणण्याऐवजी आठ आठ फासांचे तिरपे चौकोन एकमेकांच्या कुशीतून उचलीत नेले, तर कोणत्याही क्षणी सुईवर आठ-नऊ फासांहून अधिक बोजा येत नाही, साधी सरळ दांड्याची सुई पुरते, आणि उजळ व गडद अशा दोन छटा आलटून पालटून घेतल्यास उन्हात आणि सावलीत विभागलेल्या पायऱ्यांचा आभास आपोआप उठतो. ट्युनिशियन कापडाला गुंडाळी होण्याची खोड असते, कारण त्याची पुढची आणि मागची बाजू सारख्या ताणाची नसते. म्हणून त्या दोऱ्याला साध्या क्रोशासाठी जी सुई घेतली असती तिच्याहून एक-दोन मापांनी जाड सुई घ्यावी, आणि काम संपल्यावर ते ओले करून टाचण्यांनी ताणून वाळवावे. ही सूचना पुष्कळ नमुन्यांत शेवटच्या ओळीत, जणू आठवण झाली म्हणून, दिलेली असते. तिची जागा पहिल्या परिच्छेदात आहे.

आता महिरप. लग्नाच्या पंगतीत वराच्या ताटाभोवती मांडावयाची क्रोशाची महिरप हा आपल्याकडील खास जिन्नस, आणि तिला हेअरपिनची वीण जितकी शोभते तितकी दुसरी कोणतीही शोभत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. या विणीचे हत्यार म्हणजे दोन समांतर काटे. दोरा एका काट्याभोवतून दुसऱ्या काट्याभोवती फिरवीत, मध्यावर प्रत्येक वेळी एक मुका खांब घालीत आणि दर टाक्याला चौकट उलटवीत गेले, की मधोमध एक कणा आणि दोहो बाजूंना मोकळ्या फासांची झालर अशी पट्टी निघते. चौकट करणे अगदी सोपे: तीन मिलिमीटर जाडीच्या दोन सरळ तारा आणि त्यांची टोके बसतील अशी भोके पाडलेल्या दोन लाकडी पट्ट्या पुरतात, आणि पट्ट्यांत निरनिराळ्या अंतरांवर भोके पाडून घेतली तर एकाच चौकटीवर अरुंद-रुंद सर्व पट्ट्या निघतात. परंतु नमुन्यात 'चार सेंटिमीटरची चौकट' असे लिहिले आणि हे चार सेंटिमीटर काट्यांच्या आतून मोजावयाचे की बाहेरून, हे सांगितले नाही, तर दोन घरांतील पट्ट्यांत सहा मिलिमीटरचा फरक पडेल. फास काट्याच्या बाहेरून जातो. म्हणून माप नेहमी बाहेरून बाहेर द्यावे.

पट्टी सरळ निघते आणि महिरपीला तर कमान हवी. ती कमान कडांच्या बंदोबस्ताने साधते. आतल्या कडेचे फास एकत्र गोळा करावयाचे, बाहेरच्या कडेचे सुटे ठेवावयाचे, म्हणजे पट्टी आपण होऊन वळते. किती गोळा करावयाचे याला भूमितीचा एक सुंदर आधार आहे: अर्धवर्तुळाकार पट्टीची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा पट्टीच्या रुंदीच्या 3.14 पट अधिक लांब असते, मग ताट लहान असो वा परातीएवढे असो. 30 सेंटिमीटर व्यासाच्या ताटाभोवती चार सेंटिमीटरची पट्टी बसवावयाची तर आतली कड सुमारे 47 आणि बाहेरची सुमारे 60 सेंटिमीटर भरली पाहिजे. 10 नंबरच्या दोऱ्यात बाहेरच्या कडेवर सेंटिमीटरला चार फास बसतात असे धरले, तर दोहो बाजूंना प्रत्येकी 240 फास लागतील. बाहेर प्रत्येक फासात एकेक मुका खांब घालावा. आत तीन तीन फास मिळून एकच मुका खांब आणि पुढे एक साखळी, असे 80 गट करावेत. प्रत्येक गटाने जेमतेम सहा मिलिमीटर जागा व्यापली की हिशेब जुळला. ज्यांचा हात घट्ट आहे त्यांना मध्ये दोन साखळ्या घ्याव्या लागतील, आणि हे आधीच कळावे म्हणून पंधरा फासांचा लहानसा तुकडा विणून, धुऊन, वाळवून मगच मोजावा, कारण काट्यांवर ताणलेली पट्टी आणि धुतलेली पट्टी यांची रुंदी एक नसते. दोनशे चाळीस फास मोजताना नजर चुकते. दर वीस फासांनंतर रंगीत दोऱ्याची खूण घालण्याची सूचना नमुन्यात असावी. फास उचलताना ते सर्व एकाच बाजूला पिळलेले राहतील ही खबरदारीही लिहून ठेवावी, नाही तर झालरीत मधूनच एखादा फास पाठ फिरवून उभा राहतो आणि साऱ्या महिरपीचा तोल बिघडवितो.

ही महिरप मांडल्यावर उभी राहावी असे वाटत असेल तर बाहेरच्या कडेवरील मुके खांब बारीक पितळी तारेला कवेत घेऊन घालावेत. साबुदाण्याची खळ देऊनही ताठरपणा येतो, पण तो पहिल्या धुण्यापुरताच. एकोणिसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात, दुष्काळाच्या काळात आयर्लंडमध्ये जो क्रोशा पोटापाण्याचे साधन म्हणून वाढला, त्यातही दोऱ्यांच्या जुडग्यावरून टाके घालून पानाफुलांना उठाव देत असत, आणि तयार फुले कापडावरील आराखड्यावर टाचून मागाहून जाळीने जोडीत. तारेवरचे काम त्याच कुळातले. केवळ तारेचाच क्रोशा करावयाचा झाल्यास नमुन्यात एक इशारा ठळकपणे द्यावा: तार पुन्हा पुन्हा वाकविली की कडक होऊन तुटते, म्हणून चुकलेली ओळ उसवून तीच तार वापरण्याचा मोह धरू नये. मोत्यांच्या कामाला जी अतिशय बारीक पोलादी सुई लागते, तिचे माप मण्याच्या भोकावरून ठरते. मणी आधीच दोऱ्यात ओवून घेण्याची रीत असेल, तर आकृतीत शेवटी येणारा मणी प्रथम ओवावा लागतो, आणि मुक्या खांबात मणी विणणाराच्या समोर न येता कापडाच्या पलीकडच्या बाजूस बसतो, या दोन गोष्टी न सांगितल्यामुळे वाया गेलेली तोरणे पुष्कळ असतील. जाड लाकडी दांड्यावर फास चढवून करावयाच्या विणीविषयी एवढेच सांगतो, की लाटणे तिला बहुधा निरुपयोगी. ते मध्ये फुगीर असते. वीस-पंचवीस मिलिमीटरचा सरळ, सारख्या जाडीचा दांडा शोधावा.

सुया स्वतः घडविण्याची हौस असलेल्यांसाठी एक माहिती देऊन ठेवतो. सायकलच्या चाकातील तार सर्वसाधारणपणे दोन मिलिमीटर जाडीची असते, आणि तिच्या टोकाला त्रिकोणी कानशीने खाच पाडून, कडा बोथट करून, दुसरे टोक लाकडी मुठीत बसविले की जाड सुती दोऱ्याची उत्तम सुई तयार होते. दोऱ्याचा नंबर जसजसा वाढतो तसतसा दोरा बारीक होत जातो. 40 किंवा 60 नंबरच्या दोऱ्याला ही सुई चालणार नाही, तेथे एक मिलिमीटर अथवा त्याहून बारीक पोलादी सुई विकतच घ्यावी.

नमुन्याचा मसुदा लिहिताना क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा असे माझे मत आहे, आणि त्यात मी कोणतीही सवलत देऊ इच्छीत नाही: प्रथम तयार वस्तूचे माप, मग दोऱ्याचा नंबर व वजन, मग हत्याराचे वर्णन मापांसह, मग ते न मिळाल्यास करावयाचा पर्याय आणि त्या पर्यायाने कापडात पडणारा फरक, मग दहा सेंटिमीटरच्या चौकोनात बसणारे टाके आणि ओळी, मग अनवट टाक्याची कृती चित्रासह, आणि या साऱ्यानंतर प्रत्यक्ष वीण. पर्यायाविषयी लपवाछपवी नसावी. हेअरपिनऐवजी लांब साखळ्यांचे फास घालता येतात, पण कडेला ती मोकळी झुळूक येत नाही, हे सरळ सांगावे. दोऱ्याचे वजन अंदाजाने लिहू नये. कामापूर्वी आणि कामानंतर गुंडा सराफाच्या काट्यावर तोलून घेतला की प्रश्न मिटतो.

परिभाषेच्या बाबतीत अधिक सावध असावे. ज्याला आपण खांब म्हणतो त्याला इंग्लंडात ट्रेबल म्हणतात आणि अमेरिकेत डबल. इंग्लंडातील डबल हा आपला मुका खांब, आणि अमेरिकेत त्याचे नाव सिंगल. ज्या नमुन्याचा आधार घेतला तो कोणत्या देशाचा हे न पाहता भाषांतर केले, तर सबंध रुमाल निम्म्या किंवा दुप्पट उंचीचा होतो. मराठीतही मुक्या खांबाला ठिकठिकाणी वेगळी नावे आहेत. म्हणून आरंभी प्रत्येक टाक्याची एका वाक्यात व्याख्या करावी, उदाहरणार्थ, 'खांब: सुईवर एक वेढा घेऊन, टाक्यात सुई घालून दोरा ओढून, दोन दोन फास दोनदा उतरविणे', आणि पुढे त्या बरहुकूम चालावे.

मसुदा पुरा झाल्यावर तो अशा व्यक्तीच्या हाती द्यावा जिला साधा क्रोशा येतो परंतु ही अनवट वीण येत नाही, आणि ती विणीत असताना शेजारी बसून तोंड मिटून राहावे. हे मौन फार जड जाते. ती जेथे थांबेल, मागे जाईल, कागद उलटासुलटा करून पाहील, तेथे समासात खूण करावी. तिने विचारलेला प्रत्येक प्रश्न हा मसुद्यातील एका वाक्याचा अभाव आहे असे समजून ते वाक्य मागाहून घालावे. डावखुऱ्या व्यक्तीकडून एकदा विणवून घेणे तर अत्यावश्यक, कारण चौकट 'उजवीकडून डावीकडे' उलटवावी असे लिहिणाऱ्या लेखकाला आपल्या हाताखेरीज दुसरा हात जगात असतो याचे भान त्या दिवशी प्रथम होते. चित्रांकरिता साखळीला लांबट शून्य आणि खांबाला मध्ये तिरपी रेघ असलेला उभा दांडा ही चिन्हे बहुतेक देशांत चालतात. हेअरपिन आणि ट्युनिशियन विणीची चिन्हे मात्र एका पुस्तकातून दुसऱ्यात बदलतात, त्यांचा अर्थ प्रत्येक नमुन्यात पुन्हा द्यावा.

मराठवाड्याच्या हवेविषयी शेवटची सूचना. बांबूची सुई उन्हाळ्यात घडविली असली तर मृगाच्या पावसानंतर ती ओल धरते, दांडा किंचित फुगतो आणि त्याचा गुळगुळीतपणा जातो. म्हणून ती घडविल्यानंतर सावलीत पुरेशी वाळवावी, खोबरेल तेलाचा हात फिरवून कोरड्या फडक्याने पुसावी, आणि ऋतू पालटल्यावर नवे काम धरण्यापूर्वी दोऱ्याचे दहा वेढे घेऊन तिचा व्यास पुन्हा मोजून पाहावा. फरक आढळल्यास सुई बदलण्याची घाई न करता मापाचा चौकोन पुन्हा विणावा, आणि टाक्यांची जी संख्या येईल ती तारखेसह नमुन्याच्या पाठीवर नोंदवून ठेवावी.